चित्ररथ जागेवर, माणसं चालती: सिनेमा आणि डोंगर-माळ धरून गावातलं सांस्कृतिक भवन कसं काढायचं

मंडळाची माणसं पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा मोबाईलात फोटो घेऊनच येतात. कुणाला गोकाकच्या धबधब्यासारखं एलेव्हेशन (दर्शनी बाजू) पाहिजे असतंय, कुणाला गेटवर सिनेमाची रीळ, एकानं तर सह्याद्रीच्या रांगेसारखं तीन त्रिकोणांचं छप्पर मागितलं होतं, मग त्या त्रिकोणांच्या मधल्या पन्हळीत जुलैमध्ये किती पाणी तुंबणार हे सांगितल्यावर तो विषय तिथंच बुडाला. मी खानापूर-बेळगाव-निपाणी पट्ट्यात बरीच वर्षं नकाशे काढतोय, त्यात समुदाय भवनं आणि मंडळांचे हॉल भरपूर. त्यातनं जे जमलं आणि जे फसलं ते इथं लिहितोय.

शिवजयंतीची बेळगावची चित्ररथ मिरवणूक बघितलीय ना? आपण रात्रभर एका कोपऱ्यावर उभं, आणि देखावे एकामागनं एक समोरनं सरकतात. कुठला आधी येतोय, दोन चित्ररथांच्या मधी किती अंधार आणि किती ढोल, ह्यावर सगळी मजा. इमारतीत ह्याच्या उलटं असतंय. देखावे जागेवर आणि माणूस चालता. सिनेमाकडनं घ्यायचं ते एवढंच, की काय आधी दाखवायचं, काय लपवून ठेवायचं आणि किती वेळ. डोंगराचा आकार भिंतीला द्यायची गरज नाही, डोंगर तिथं आहेच की, फुकट आहे, त्याला फक्त चौकट पाहिजे.

जागेवर तीनदा जायचं

एकदा भर पावसात, एकदा डिसेंबरात, एकदा मेमध्ये. तेवढा वेळ नसला तर शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की पाणी कुठपर्यंत चढतंय आणि वारं कुठनं मारतंय, तो बरोबर बोट दाखवतो.

मोबाईलनं फोटो काढताना एक चूक सगळेच करतात. मेन कॅमेरा वाइड असतो, साधारण २४ ते २६ मिमी लेन्सचा (आकडा लहान तेवढं चित्र रुंद), त्यात समोरचा एवढा मोठा डोंगर मुंगीएवढा येतो आणि घरी येऊन आपण म्हणतो, छे, इथं काही व्ह्यू नाही. दुप्पट झूमवर टाका, म्हणजे ५० मिमीच्या आसपास जातंय आणि डोंगर डोळ्याला वाटतो तेवढा दिसतो. आणि प्रत्येक जागी तीन उंचीवरनं फोटो घ्या: उभ्या माणसाचा डोळा साधारण दीड मीटरवर, खुर्चीतल्याचा सव्वा मीटरच्या जरा खाली, आणि सतरंजीवर बसलेल्याचा ७५-८० सेंटीमीटरवर. आपल्याकडं भजन, हळदीकुंकू, प्रवचन सगळं सतरंजीवर होतंय, आणि आर्किटेक्टच्या खिडक्या मात्र खुर्चीच्या उंचीच्या. एक मिनिटाचा आवाजपण रेकॉर्ड करा. बेळगावात वडगाव-खासबागकडं जागा असली तर यंत्रमागाचा खटखटाट येणार, रेल्वेजवळ असली तर गाडी, आणि तो आवाज नकाशावर दिसत नाही.

आता आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की एकच प्लॅन सगळीकडं चालत नाही. कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस, बेळगाव शहरात बाराशे-तेराशेच्या घरात, आणि अथणीकडं गेलं की पाच-सहाशे. खानापूरच्या बाजूला झाडी अंगावर येते, चार पावलांवर हिरवी भिंत, म्हणजे सगळा क्लोजअप. अथणी-रायबागकडं काळी सपाट जमीन आणि तीन भाग आभाळ, तिथं लाँग शॉट. खानापुरात लांबलचक आडवी खिडकी काढलीत तर नुसती पानं दिसणार, तिथं उभी अरुंद खिडकी आणि एकच खोड. अथणीत उलटं करा.

उन्हाचं गणित एकदाच समजून घ्या, मग जन्मभर पुरतंय. बेळगाव १६ अक्षांशाच्या किंचित खाली आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या ९-१० तारखेच्या सुमाराला दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, काठीला सावलीच नाही. ह्या दोन तारखांच्या मधी दुपारचं ऊन उत्तरेकडनं येतंय. म्हणून "उत्तरेच्या खिडकीतनं ऊन येत नाही" हे पाठ केलेलं वाक्य आपल्याकडं मेमध्ये खोटं पडतंय. डिसेंबरात दुपारी तोच सूर्य दक्षिणेला, जेमतेम ५१ अंशांवर.

जमीन आणि कागद

हे पटकन सांगतो. उतारा, एनए (बिनशेती), पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी हे डिझाईनच्या आधी, नंतर नाही. मातीसाठी दोन मीटर खोल खड्डा मारून बघाच. पश्चिमेकडं जांभा लागतो, काम सोपं. पूर्वेकडं काळी माती असली तर ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, साधा फुटिंग (उथळ पाया) टाकून गप्प बसलात तर तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी चीर जाणार. तिथं अंडररीम पाइल (तळाला फुगवलेला खोल काँक्रीटचा खांब), नाहीतर काळी माती काढून मुरूम भरून ठोकून घेणं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल. त्याची फी वाचवू नका.

प्लॅनच्या आधी शॉट लिस्ट

हेच ह्या सगळ्या कामाचं मूळ, म्हणून इथं जरा सावकाश जाऊ. कॅड उघडायचं नाही. शाळेची वही घ्या आणि रस्त्यापासून खुर्चीपर्यंत माणूस काय काय बघणार ते आठ-दहा शॉटमध्ये लिहून काढा. प्रत्येक शॉटला पाच गोष्टी: कुठं उभं आहे, समोर काय, उजेड किती, ऐकू काय येतंय, पायाखाली काय. आणि सेकंद. माणूस रमतगमत चालला की सेकंदाला साधारण एक मीटर जातो, म्हणजे २० सेकंदांची भिंत हवी असली तर भिंत २० मीटरची. आज्जी असली तर त्याच भिंतीला ४० सेकंद, म्हणून मधी एक कट्टा ठेवा.

खानापूरच्या बाजूच्या एका जागेसाठी मी लिहिलेली लिस्ट सांगतो. जागेच्या मागं डोंगर, मस्त, आणि मंडळाचं म्हणणं की गेटातनंच डोंगर दिसला पाहिजे. मी म्हटलं नाही, शेवटी दाखवूया. रस्त्यावरनं आत वळलं की फक्त डोक्यापेक्षा उंच अशी जांभ्याची भिंत, १८ सेकंद, पायाखाली खडी, करकर आवाज. मग भिंतीत सव्वा मीटर रुंद मोकळी फट, त्यातनं फक्त फणसाचं खोड दिसतंय, तीन सेकंद. (मोठी वाहनं आणि फायरची गाडी दुसऱ्या बाजूनं, तो रस्ता वेगळा.) फटीतनं आत गेलं की अंगण, आभाळ एकदम मोठं, इथं कट, काही समजावून सांगायचं नाही. मग खाली उतरलेल्या छपराचा व्हरांडा, कड सव्वादोन मीटरवर, उंच माणसाला आपोआप मान वाकवावीशी वाटते, आणि पावसाळ्यात समोर पागोळ्यांचा पडदा. मग एक वळण, अंधार. मग हॉल. कार्यक्रम संपल्यावर स्क्रीन वर गुंडाळायचा आणि त्याच्या मागची झडप उघडली की पहिल्यांदा डोंगर. लोक तोवर पंधरा मीटर त्याच्याकडंच चालत आलेत, पण बघितलेला नाही.

ही युक्ती मी काढलेली नाही हो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, जावा, १२०४ सालची आहे. बाहेर रखरखीत ऊन, आत मंडपात पाऊल टाकलं की काही दिसत नाही, मिनिटभर थांबावंच लागतंय, मग खांब दिसायला लागतात, आणि मान वर केली की छतातनं दगडाचं कमळ खाली उतरलेलं. कमळ बाहेर दारावर लावलं असतं तर? फोटो काढून माणसं निघून गेली असती.

आणि चित्राचा पडदा वर जाण्याची सवय तर आपल्याला जुनीच आहे. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. नाटकात जंगलाचा, रस्त्याचा, राजवाड्याचा असे रंगवलेले पडदे असायचे, आणि शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आधी हेच पडदे रंगवायचे, मग स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमात गेले. आपण फक्त रंगवलेल्या डोंगराच्या जागी खरा ठेवतोय.

चौकट मापायची

सिनेमाच्या चौकटी ठरलेल्या आहेत, त्या खिडकीला लावून बघायला काही हरकत नाही. जुना चौकोनी पडदा १.३३ ला १, साधा रुंद १.८५ ला १, स्कोप म्हणजे सिनेमास्कोपचा लांबडा पडदा २.३९ ला १. स्कोप खिडकी ३.६ मीटर रुंद घेतली तर उंची दीड मीटर होते. आता माणूस तिच्यापासून चार मीटर लांब बसला तर त्याला साधारण ४८ अंशांचा तुकडा दिसणार, आणि दोन मीटरवर आला तर ८४ अंशांचा. म्हणजे खिडकीचा साईझ तेवढाच राहून नुसता कट्टा पुढं-मागं सरकवला की लेन्स बदलते. बहुतेक जण खिडकी मोठी करत बसतात, काचेचा खर्च वाढवतात, कट्टा सरकवायचं कुणाला सुचत नाही.

खिडकीची खालची कड म्हणजे सिल, ती सतरंजीवाल्यांसाठी ४५ सेंटीमीटरपर्यंत खाली आणा. एवढी खाली आणल्यावर बाहेर उतार किंवा खड्डा असला तर कठडा किंवा टफन काच लागणार, लहान पोरं कुठंही चढतात. पश्चिमेला खिडकी काढायचा मोह होणार कारण डोंगर तिकडं. काढा, पण पुढं किमान अडीच मीटरचा व्हरांडा असल्याशिवाय नाही, संध्याकाळचं ऊन आणि जूनचं आडवं पावसाचं वारं दोन्ही तिकडनंच येतंय.

अंधाराकडं जाणारी वाट, आणि हॉल

बाहेर भर उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, हॉलमध्ये शे-दीडशे. डोळा एवढ्या फरकाला सरावायला काही मिनिटं घेतो, पूर्ण अंधाराला तर वीस-तीस मिनिटं. म्हणून दार उघडून सरळ हॉलमध्ये माणूस ढकलला की तो पहिल्या पायरीलाच अडखळतो. मी ढोबळ हिशेब असा धरतो, की प्रत्येक टप्प्याला उजेड दहापट कमी व्हावा: अंगण, व्हरांडा, वळण, हॉल. वळण दोनदा घेतलं आणि आतल्या भिंती गडद रंगवल्या तर दार नसतानाही उजेड आत येत नाही. फक्त रुंदी दोन मीटरच्या खाली नेऊ नका. सुटल्यावर सगळे एकदम निघतात, शिवाय बाहेर पडायचे रस्ते दोन पाहिजेत, एकमेकांपासून लांब, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि ती कुलूप लावून ठेवायची नाहीत.

आता आवाज. गावागावातल्या हॉलची ही खरी रड आहे, माईकवर बोललेलं शेवटच्या ओळीत "घो घो" ऐकू येतंय. १५० माणसांचा हॉल धरूया. माणशी साडेचार घनमीटर हवा पुरते, म्हणजे ६७५ घनमीटर. १० बाय साडेतेरा मीटर आणि सरासरी पाच मीटर उंची. आवाज विरायला किती सेकंद लागतात ते ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण (भिंती, छत, माणसं मिळून किती चौरस मीटरभर आवाज गिळतात ते), एवढं सोपं आहे. प्लास्टर, लादी आणि स्लॅब असला रिकामा हॉल असेल तर शोषण जेमतेम २० चौरस मीटर भरतं, म्हणजे साडेपाच सेकंद, मंदिराच्या गाभाऱ्यासारखं. माणसं भरली की ती स्वतः आवाज खातात, १५० जणांची साधारण ६७ धरा, मग सव्वा सेकंदावर येतंय. सिनेमा आणि भाषणाला पाऊण-एक सेकंद पाहिजे. ०.८ साठी शोषण १३६ लागतं, म्हणजे अजून ४९ कमी पडतंय, आणि चांगलं ५० मिमी जाड रॉकवूल (दगडी लोकर) ०.७ च्या आसपास, म्हणजे दहातला सात भाग आवाज शोषतं, म्हणून ७० चौरस मीटर पॅनल. आधी मागची भिंत पूर्ण भरा, मग बाजूच्या भिंतींचा मागचा अर्धा, उरलं तर छत. स्टेजजवळच्या भिंती कडकच ठेवा, त्या आवाज पुढं ढकलतात, तबला-पेटीला जीव राहतो. पॅनलवर वडगाव-शहापूरचं हातमागाचं कापड ताणलं तर सुंदर दिसतंय, पण आग लवकर न धरणारी ट्रीटमेंट केलेलंच. कुणाला हे गणित पटत नसलं तर घरातल्या दहा-बारा वाकळा आणून मागच्या भिंतीवर टांगा आणि टाळी वाजवून दाखवा.

जमीन सपाट ठेवायचा आग्रह होणारच, कारण लग्नाचं जेवणपण तिथंच. मग मागच्या एक तृतीयांशात ४० सेंटीमीटर उंच आणि ९० रुंद अशा तीन पायऱ्या करा, बसायला त्याच. स्क्रीनची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर वर. स्क्रीन चार मीटर रुंद असली तर शेवटचा माणूस बारा मीटरच्या आत असावा. प्रोजेक्टर घेताना थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, बघा, १.५ असला तर चार मीटरच्या चित्राला सहा मीटर अंतर लागतं, म्हणजे तो मागच्या भिंतीवर नाही, मधी छताला टांगावा लागणार, आणि त्याची वायर स्लॅब किंवा सीलिंगच्या आधीच टाकून ठेवायला पाहिजे.

विंगेचं विसरू नका. आज मराठी नाटक, उद्या कन्नड लोकनाट्य श्रीकृष्ण पारिजात, परवा शाळेचं गॅदरिंग. दोन्ही बाजूंना मेकअपच्या खोल्या आणि मागनं पलीकडं जायला बोळ, नाहीतर अर्जुन प्रेक्षकांतनं फिरून येतो.

छप्पर

माझ्याच हातचं फसलेलं सांगतो. सुरवातीच्या एका हॉलवर खर्च वाचवायला नुसता पत्रा टाकला. उद्घाटन एप्रिलमध्ये, सगळे खूष. जुलैमध्ये एका व्याख्यानाला पाहुण्यांनी २० मिनिटं तोंड हलवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. तेव्हापासनं पश्चिम पट्ट्यात नुसता पत्रा बंद. वर कौल, ३० अंशांचा उतार, खाली बोर्ड, मधी रॉकवूल आणि हवेची पोकळी. आतनं बोर्ड, वरनं पत्रा करायचाच असला तरी मधला थर सोडू नका. पागोळी पडते तिथं जमिनीवर सिमेंट नको, जाड खडीचा पट्टा करा, भिंतीवर चिखल उडत नाही आणि आवाज गोड येतो. पाऊस हा ह्या इमारतीतला सगळ्यात लांब शॉट आहे, चार महिन्यांचा.

माल आणि पाटी

जांभा खाणीतनं काढल्यावर मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होत जातो, म्हणून चिरे आणून काही आठवडे उघड्यावर ठेवा, मग लावा. त्यावर प्लास्टर करू नका आणि ऑइलपेंट तर नकोच नको. खानापूरची माती कौलाला आणि कुंभारकामाला नावाजलेली आहे, जाळीच्या विटा किंवा मातीचे दिवे तिथंच करून घेता येतात. अथणीकडं जांभा ट्रकनं नेण्यात अर्थ नाही, तिकडं मिळेल तो दगड वापरा.

पाटीचा विचार पहिल्या दिवशी करा, शेवटच्या नाही. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि ते वरच्या भागात, असा नियम आहे. म्हणून भिंतीतच पाटीची जागा सोडा, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीच्या ओळी एकाच मिस्त्रीकडनं एकाच जाडीत कोरून घ्या, मराठी नंतर कुठंतरी कोपऱ्यात चिकटवल्यासारखी दिसत नाही. ह्यावरनं मंडळात तासभर चर्चा होते, ती होऊ द्या.

सिनेमा दाखवायचा असला तर सेन्सॉर सर्टिफिकेट असलेलाच, हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची लेखी परवानगी घेऊन, आणि नेहमीचे शो लावायचे असले तर जिल्हाधिकाऱ्यांकडचं लायसन. ते मिळताना दारं, प्रोजेक्टरची जागा, आग विझवायची सोय हे सगळं बघतात, म्हणून नियम आधी वाचा, भिंत नंतर बांधा.

मॉडेल, मग बांबू

१ ला ५० चं पुठ्ठ्याचं मॉडेल करा. त्यात उभ्या माणसाचा डोळा ३ सेंटीमीटरवर येतो. मोबाईल उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येतो, आणि मॉडेलमधनं हळूहळू पुढं सरकवत व्हिडिओ काढा. मॉडेल टेरेसवर उन्हात नेऊन काढलात तर सावल्यापण खऱ्या. शॉट लिस्ट आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बघा, जिथं लिहिलेलं दिसत नाही तिथं भिंत हलवा, पुठ्ठा कापायला पैसे लागत नाहीत. मंडळाच्या माणसांना प्लॅन वाचता येत नाही पण हा दीड मिनिटाचा व्हिडिओ सगळ्यांना कळतो, आणि "गेटातनंच डोंगर" हा हट्ट तिथंच सुटतो.

त्यानंतर जागेवर चुन्यानं आखणी, चार बांबू, ताडपत्री, आणि खिडकीच्या मापाची बांबूची चौकट दोरीनं बांधून. संध्याकाळी सतरंजी घालून गावातली चारपाच माणसं बसवा. त्या खानापूरच्या कामात एक आज्जी बसल्या आणि म्हणाल्या, "मला नुसतं आभाळच दिसतंय की ओ." चौकट चार इंच खाली घेतली, गवंड्यानं बांबूवर खडूनं खूण केली, आणि सिलचा लेव्हल तोच धरला.

आणि एक शेवटचं, अगदी छोटं काम. रस्त्याच्या बाजूला, खिडकीपासनं लांब, दहा फूट अंतरावर दोन लोखंडी पाइप रोवून ठेवा आणि ते बजेटमध्ये लिहा. ते फ्लेक्ससाठी. ते नसले तर पहिल्याच वाढदिवसाला शुभेच्छांचा फ्लेक्स तुमच्या २.३९ ला १ च्या खिडकीवर बांधला जाणार, कारण माप बरोब्बर बसतंय.